आगाऊ रोजनिशी

ज्या दिवसाची नोंद नाही तो दिवस झालाच नाही, यावर सर्व अभिलेखपालांचे एकमत आहे. (इतरांना विचारलेले नाही.)

आपल्या या अभिलेखपालांनी निवृत्त होताच संगणकावर रोजनिशी सुरू केली. फोल्डरमध्ये तारखेच्या नावाची साधी फाइल टाकायची. रोज संध्याकाळी सातला प्रोग्रॅम त्या दिवसाची फाइल उचलून सुबक नोंद करणार, वर वार, खाली पानाचा क्रमांक. पहिल्या महिन्याच्या तीस नोंदींपैकी सव्वीस शब्दशः सारख्या निघाल्या. मग रोज टंकत कशाला बसायचे? त्यांनी वर्षभराच्या फायली एकदमच भरून टाकल्या. सर्दी दोनदा, पत्नीशी वाद महिन्यातून एक. (फेब्रुवारीत सूट.)

"अहो, गुरुवारी भांडण लिहिलंय," पत्नी म्हणाली. "कशावरून ते नाही लिहिलं."

"ऐनवेळी ठरवू."

"गुरुवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. आत्ताच उरकून घेऊ या."

अशात मुलीचा फोन आला. दोन वर्षांनी येत होती, शनिवारी, एका दिवसापुरती. शनिवारच्या फाइलीत होते: ‘विशेष काही नाही.’

"रविवारी नाही का जमणार?" त्यांनी विचारले. नाही जमणार.

ती आली. तिघांनी दुपारभर पत्ते कुटले. आईची लबाडी उघडकीस आली तेव्हा अभिलेखपाल इतके हसले की चष्मा चहात पडला. या नादात फाइल तशीच राहिली आणि सातला नोंद झाली: विशेष काही नाही.

मुलीने ती वाचली आणि तिचा चेहरा उतरला. त्यांनाही फार वाईट वाटले. पण झालेल्या नोंदीत खाडाखोड नाही, हा नोकरीतला चाळीस वर्षांचा शिरस्ता.

"आणि न झालेल्या नोंदीत भर घातली तर?" तिने विचारले.

"सातच्या आत चालते."

ती संगणकापुढे बसली आणि वर्षातल्या उरलेल्या प्रत्येक रविवारच्या फाइलीत एक ओळ घालून गेली: ‘मुलीला फोन केला. बराच वेळ बोललो.’

आता दर रविवारी सहाला अभिलेखपाल लगबगीने फोन लावतात. नोंद खोटी पडता कामा नये. पहिला फोन चार मिनिटांत आटोपला. तो ‘बराच वेळ’मध्ये बसेना, म्हणून त्यांनी पुन्हा लावला.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त तुम्ही घरी शेवटचा फोन कधी केलात, तेवढी तारीख सांगा. (‘परवाच तर केला’ ही तारीख नव्हे.)