उदारामच्या पोटाचे तीन धनी

"आधी पोट साफ झालं पाहिजे," असं तिघांनीही म्हटलं होतं. फक्त एकमेकांसमोर म्हटलं नव्हतं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

बिरसीचा उदाराम भर रोवण्यात, धानाची लावणी जोरात असताना, तापानं आडवा पडला. गावचे वैद्य केशोराव अंगणातून आले आणि एरंडेल पाजून गेले. गोंदियाच्या दवाखान्यातले कंपाउंडर मुन्नालाल सायकलवरून आले, ते परसातून. त्यांनी जुलाबाचं मीठ दिलं. उदारामची आई वच्छला घरातच होती; तिनं सोनामुखीचा काढा पाजला. एकाची दवा चालू असल्याचं दुसऱ्याला कळलं तर तो रुसतो, पुन्हा उंबरा चढत नाही, अशी गावाची रीत. म्हणून वैद्यांची चाहूल लागली की वच्छला कंपाउंडरची बाटली धानाच्या ढोलीमागे सारायची.

दुपारपर्यंत उदारामचे डोळे खोल गेले. त्याला बांधापर्यंत चालवेना. ते पाहून केशोराव म्हणाले, "ताप आतच अडकला. अजून एक मात्रा!" मुन्नालालही परसातून तेच बोलले. वच्छलेनं न बोलताच पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

उदारामची बायको रुख्मा संतापून जात्याला बसली. तिच्या घासाघासागणिक ओवी निघू लागली :

"वैद येती अंगनातून, कंपाउंडर परसाच्या दारी,
माह्या धन्याच्या पोटाची, दोघं मिळून शिकारी..."

आणि जातं थांबलं. "मिळून? हे मेले मिळून काही करतेत कधी!"

तिनं दोघांकडेही एकच निरोप धाडला : "मालक चालले. लवकर या."

दोघे धावले ते थेट खाटेपाशीच एकमेकांवर आदळले.

"हे कायले आले इथं?" केशोराव कडाडले.

"मैं भी वही पूछ रहा हूँ!" मुन्नालाल म्हणाले.

"बसा खाली!" रुख्मा मुसळ घेऊन दारात उभी राहिली. "माह्या मालकाच्या पोटात कोनं काय काय टाकलं? मोठ्यानं सांगा. एकमेकाइच्या तोंडावर."

"एरंडेल," केशोराव पुटपुटले. "दोनदा."

"जुलाब का नमक... वो भी दो बार."

"अन् आत्याबाई?"

वच्छला चुलीकडे पाहू लागली. "थोडासाक काढा, वं."

खाटेवरून खोल गेलेला आवाज आला, "म्हंजे ताप नाई, तुमीच नेऊन राहिले व्हते मले!"

मग आधी भांडण झालं, मग विचार. जुलाब बंद. मीठ घातलेली पेज, घोटघोट. पोटात पेज टिकली की मगच तापावरचं कोयनेल. तिघांचं पटलं. आणखी एका गोष्टीवर तर लगेच पटलं : चूक रुख्माची. "तुनं आमाले आधीच सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी रुसले असते! तुमचा रुसवा काढता काढता मी रांडमुंड झाली असती!" रुख्मानं मुसळ आपटलं. तिघेही पेज भरवायला बसले. उदाराम हळूहळू सावरला, रोवणा संपायच्या आत बांधावरही जाऊन आला.

दिवाळीनंतर गोंदियाहून बैलांची दमणी आली. मुन्नालालची बायको शकुंतलाबाई खाली उतरली.

"रुख्माबाई, चला. आमच्या ह्यांना बुखार आहे. डॉक्टर आले, केशोराव आले. हे कुणाचीच दवा घेईनात. म्हणतात, पहले रुख्माबाई को दारात बसाओ. तिला सांगितल्याबिगर एक चमचा अंदर येऊ नये."

"आता समजलं त्याइले!" रुख्मा तणतणत दमणीत चढली. चाकं हलली, तशी तिनं नजर वळवली.

"अन् बाई, खरं सांगा. सकाळपासून तुमी गुपचूप काय पाजलं त्याइले?"

शकुंतलाबाई बैलांकडे पाहू लागली.