विश्रामपंतांच्या कोऱ्या पाटीची हकीकत

श्री. जें लिहिलें गेलें आणि पुसलें गेलें, त्यास आधीं नमन. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं लिहिलें वर्तमान ऐसें जे, संगणकाचे पोटीं कर्नेल म्हणोन एक राज्य होतें, तें वारंवार निजे आणि वारंवार उठे, आणि उठतेसमयीं जें जें घडे तें माग ठेवणारे मागकरी पाटीवर लिहीत, कीं राज्य कोसळल्यास कारण कळावें. मागकऱ्यांस उठवावयास उठवणारे असत. त्यांनीं मागकरी जागा करावा, पाटी धुवोन त्याचे हातीं द्यावी, आणि राज्य उभें जाहलें कीं त्यांस निरोप मिळे, आणि त्यांचीं घरेंही मोडून जागा दुसऱ्यांस देत. ऐसा तेथील निष्ठुर रिवाज.

मागखात्याचे कारभारी विश्रामपंत. त्यांचे एकुलते एक चिरंजीव सुभानजी राज्याच्या स्मृतीचे कोठीवर चाकरीस होते. एके पहाटे राज्य उठतां उठतां कोसळलें आणि सुभानजी त्यांत गेले. पंत अनवाणी धांवत आले आणि म्हणाले, "पाटी आणा! माझें पोर कशानें गेलें तें वाचूं द्या." पाहतात तों पाटी कोरी! मग मागकरी दुलबाजी पायांवर पडोन म्हणाला, "पंत, आईची आण, म्यां लिहिलें होतें. कोणी पुसलें, ठाऊक नाहीं." आणि उठवणारे तर निरोप घेवोन गेलेले, विचारावें कोणास? मग पुढले खेपेस पंत स्वतां पाटीपाशीं बसले. एक उठवणारा आला, पाटी धुवोन गेला, आणि दुलबाजी लिहूं लागला, तोंच दुसरा उठवणारा आला आणि लिहिलेली पाटी खसकन पुसली. पंत गरजले, "अरे चांडाळा, कोणाचे हुकुमें?" तो चाचरत म्हणाला, "आपल्याच कीं, पंत. एक विसरला तर दुसरा असावा, ऐसें आपणच फर्माविलें." अरेरे!

मग पंतांनीं दुसरा उठवणारा बंद केला, एकच ठेविला, आणि तो सर्वांआधीं यावा ऐसें केलें. पुढें राज्य पुन्हा कोसळलें आणि गंगाई म्हणोन बाईचा पुत्र कोठीवर होता तो गेला, परंतु पाटी शाबूत राहिली, आणि पंतांनीं त्या माउलीस ओळ न ओळ वाचून दाखविली, कीं पहारा बसण्याआधीं कोठीचें दार उघडलें, पोराची चूक नव्हती. ती पोटभर रडली आणि तिनें पंतांचे पाय धरिले. दाराचा क्रमही त्याच दिवशीं सुधारला. पंत घरीं आले तों कुटुंबानें विचारिलें, "आपल्या सुभानाचें कांहीं कळलें?"

"नाहीं गे," पंत म्हणाले. "त्याची पाटी मींच पुसविली."

तात्पर्य, राज्य नीट उठूं लागलें, मागखातें सुधरलें, आणि सुभानजींची पाटी मात्र कोरीच राहिली. इतकेंच वर्तमान.