दार (आतून अडकलेले)

प्रगत संस्थेत प्रत्येक कामाला एक माणूस असतो आणि प्रत्येक माणसाला एकच काम असते. मागासलेल्या संस्थेत कामे नुसती होऊन जातात.

परळच्या एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधली ही कंपनी गेल्या वर्षापर्यंत मागासलेली होती. याला कारण कुशाबा. त्याचे वडील त्याच गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे आणि ज्या खात्यात माणूस कमी असेल तिथे जाऊन पडेल ते काम करायचे. कुशाबाने ही वाईट सवय वातानुकूलित इमारतीत आणली. नळ, प्रिंटर, रुसलेला कारकून, पंख्यात अडकलेले कबूतर, सगळे तोच बघायचा.

मनुष्यबळ विभागाच्या अनुजा मॅडमनी त्याला समोर बसवून विचारले, "कुशाबा, तुम्ही नक्की करता काय?"

"काय बिघडलंय त्यावर आहे, मॅडम."

हे उत्तर रकान्यात बसले नाही.

मग आकडेवारी काढण्यात आली. वर्षभरात तक्रारी ४१२, त्यांपैकी ४०९ कुशाबाने निवारल्या. (उरलेल्या तीन कुशाबाविरुद्ध होत्या.) इतकी निरनिराळी कामे एकटा माणूस करतो, त्या अर्थी त्याला एकही नीट येत नसणार, हा निष्कर्ष एकमताने निघाला. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. कुशाबाला त्या आठवड्यात झोप लागेना. छप्पन्नाव्या वर्षी कुठल्या गेटवर उभे राहायचे, हे त्याला वडिलांनी शिकवले नव्हते.

गुरुवारी सकाळी अकरा वीसला काचेच्या सभागृहात त्याचे पद रद्द झाले. तसा मेसेज बाहेर चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कुशाबाच्या मोबाईलवर आला. अकरा चाळीसला सभा संपली आणि दार उघडेना.

नव्या पद्धतीप्रमाणे तज्ज्ञ बोलावले गेले. कुलूपवाल्याने कुलूप निर्दोष ठरवले, बिजागरीवाल्याने बिजागरी, काचवाल्याने काच. तिन्ही अहवालांनुसार दार उघडे होते. आत सात अधिकारी होते आणि त्यांतल्या एकाला मधुमेह होता.

दीड वाजता उपाध्यक्ष हितेंद्र साहेब काचेला तोंड लावून ओरडले, "कुशाबा, बघा ना जरा!"

"बघतो की, साहेब. पण आता मी कोण म्हणून बघू?"

कुशाबाने हे खोचकपणे विचारले नव्हते. बिनकामाच्या माणसाने कंपनीच्या वस्तूला हात लावू नये, असे त्या मेसेजातच लिहिले होते. आत पाच मिनिटे गंभीर चर्चा झाली (मधुमेहाचा पाठिंबा निर्णायक ठरला) आणि नेमणुकीचा कागद दाराखालून सरकवण्यात आला. कुशाबाने खांद्याने दार बोटभर उचलले, खाली चपलेने टोला दिला. चार सेकंद.

आज कुशाबा तज्ज्ञ आहे. खुर्ची आहे, कार्ड आहे, त्यावर हुद्दा आहे: 'दार (आतून अडकलेले)'. बाहेरून अडकलेल्या दारासाठी भरती सुरू आहे. मध्यंतरी पँट्रीचा नळ दोन दिवस वाहत होता. कुशाबा शेजारी उभा राहून बघत होता. हात शिवशिवत होते, ते त्याने खिशात घातले. त्याला फार वाईट वाटले, पण नोकरी टिकली.

महिन्याभराने लालबागच्या घरी कमल म्हणाली, "अहो, मोरीतला नळ गळतोय."

"प्लंबरला बोलाव," कुशाबा म्हणाला.

कमलने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले. मग मुख्य कॉक फिरवून पाणी बंद केले, पाना घेतला, आट्यांना दोरा गुंडाळला आणि गळती थांबवली. तिला हुद्दा नाही.

हे वाचून आपल्याला हसू आले असेल तर हरकत नाही. फक्त एकदा उठून आपल्या घरातला पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते बघून यावे. सापडला नाही तर स्वयंपाकघरात विचारावे. तिथल्या माणसाला ठाऊक असते. (आपण ज्या विषयाचे तज्ज्ञ आहात, त्याचा इथे उपयोग नाही.)