दहा बाया, एक खोका

सरकारी शिक्षणाला मुहूर्त सापडतो तो नेमका रोवण्यात, भातलावणीच्या ऐन दिवसांत. धानाची रोपं म्हणजे परे हातभर वाढलेले, बांध घातलेल्या एकेका बांधीत घोट्याइतकं पाणी, आणि त्याच आठवड्यात चिमूर तालुक्यातल्या या गावाच्या समाजमंदिरात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आकिब नावाचा मास्तर येऊन दाखल झाला. निराधार नाहीतर विधवा पेन्शन घेणाऱ्या दहा बायांनी दहा दिवस शिकायचं, मग परीक्षा. आठ जणी पास झाल्या तर कॉम्प्युटर गावात राहणार आणि त्यांच्यातलीच एक त्यावर बसून लोकांचे कागद काढून देणार. नाहीतर खोका उचलायचा आणि पुढचं गाव गाठायचं.

नीलाबाईला तो खोका गावात हवाच होता. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी चिमूरला जाऊन आपण जिवंत असल्याचा कागद तिला करावा लागे. दोन एसट्या, एक उपाशी दुपार, आणि शेवटी खिडकीतला बाबू मान वर न करता विचारणार, जिवंत आहात का. मागच्या वर्षी तिने त्याला ऐकवलं होतं, "मी आहो. तुमी आपलं पाहा." त्यानंतर त्या खिडकीचं तोंड पाहणं तिच्या मानाला झेपणारं नव्हतं.

अडचण एकच. या दहा बाया म्हणजेच तिची रोवण्याची टोळी, आणि टोळीची मुख्य नीलाबाई. दहा दिवसांच्या बांध्या कबूल झालेल्या. परे काही मास्तरासाठी थांबत नाहीत.

पण नीलाबाई अडून बसणाऱ्यांतली नव्हती. रोवण्याचा रिवाज जुना आहे. टोळीतली एखादी आजारी पडली की तिच्या घरून दुसरी येते, आणि खाडा कोणी धरत नाही. कोण आलं ते विचारायचं नाही, काम झालं म्हणजे झालं. तोच रिवाज तिने शिक्षणाला लावला. रोज एकीने कॉम्प्युटरवर जायचं, नऊ जणींनी बांधीत. गेलेलीने संध्याकाळी बाकीच्यांना सांगायचं.

आकिबने हात जोडले. रोज नवी बाई आली तर मी पहिल्यापासून शिकवू की पुढे जाऊ, असं त्याने विचारलं.

"पुढं जा," नीलाबाई म्हणाली. "बैल बदलला म्हणून नांगर मागं नेते काय कोणी?"

हजेरी कमी दिसली तर केंद्र बंद, असा वरून फोन येऊन गेला होता. आकिबने हजेरीत रोज दहा मांडल्या आणि शिकवायला एक घेतली.

पहिल्या दिवशी अमिनाबी गेली. ती कॉम्प्युटर सुरू करायला आणि बंद करायला शिकली. तिसऱ्या दिवशी नीलाबाईची विधवा सून रंजीता गेली. ती अक्षरं टाइप करायला शिकली. नवव्या दिवशीची बाई लिहिलेलं साठवून ठेवायला शिकली. मानाचं काम शेवटी असतं, या हिशेबाने दहावा दिवस नीलाबाईने स्वतःकडे ठेवला होता. त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद लावायचा धडा होता. संध्याकाळी एकमेकींना सांगायचं मात्र राहून गेलं. दिवसभर कमरेत वाकलेल्या बाईला माऊस म्हटलं तरी जांभई येते.

अकराव्या दिवशी चंद्रपूरहून फरहा मॅडम परीक्षेला आल्या. प्रत्येकीने एक अर्ज लिहून छापून दाखवायचा, एवढीच परीक्षा. पहिलं नाव रंजीताचं निघालं. रंजीता खुर्चीवर बसली, दोन्ही हात अक्षरांवर ठेवले आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

"सुरू अमिनाबी करते," रंजीता म्हणाली.

अमिनाबीला बोलावलं. तिने कॉम्प्युटर झोकात सुरू केला आणि उठून उभी राहिली. आता लिहा म्हटल्यावर तिने बंद करून दाखवला. नीलाबाईची पाळी आली तेव्हा तिने कागदांचा गठ्ठा फडकावून, कडा जुळवून असा लावला की आकिबची मान ताठ झाली. पण त्यावर छापायचं काय, ते तिच्या धड्यात नव्हतं. दहाही बाया झाल्या. मॅडमनी पेनला टोपण लावलं आणि ड्रायव्हरला हाक मारली, खोका गाडीत ठेवा.

बायांनी नीलाबाईकडे पाहिलं. वाटणी तिची होती, तेव्हा खोका गेला तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार, आणि पुढची सगळी वर्षं चिमूरची ती खिडकी.

"बाई, तुमी रोवणा पाह्यला काय कधी?" नीलाबाईने विचारलं. आवाज चढवला नाही. "एक परे काढते, एक पेंड्या वाहते, बाकीच्या लावतात. धान आलं का एकटीनं काढून दाखव, असं कोणी म्हणते काय?"

मॅडम म्हणाल्या, "कॉम्प्युटर म्हणजे बांधी नाही, नीलाबाई. इथे प्रत्येकीला सगळं यायला पाहिजे."

"मंग दहा जणीले एकच खोका काऊन देल्ला?"

मॅडमनी आकिबकडे पाहिलं, आकिबने छताकडे. ड्रायव्हर वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. मॅडम म्हणाल्या, चहा येतोय, तो संपेपर्यंत दहाही जणींनी मिळून एक अर्ज करून दाखवा.

बाया ओळीत उभ्या राहिल्या. अमिनाबीने सुरू केलं आणि बाजूला सरली, दुसरीने कोरं पान उघडलं, रंजीता लिहायला बसली. काय लिहू, असं तिने विचारलं तेव्हा नीलाबाईने मागून सांगितलं. एकीने चुका काढल्या, एकीने अक्षरं मोठी केली, एकीने साठवलं, आणि नीलाबाईच्या कागदावर छापून आलं: "मी नीलाबाई, जिवंत आहे. शंका असल्यास गावात येऊन पाहावे."

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. चहा निवला होता. त्यांनी दहाही नावांपुढे पास लिहिलं आणि कॉम्प्युटरवर बसायला कोणाचं नाव टाकू, असं विचारलं. नीलाबाईने रंजीताचं सांगितलं. घरची आहे, शब्दाबाहेर जाणार नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. रेशनच्या अर्जासाठी गावातला लच्छू आला की दहा बाया जमवाव्या लागत. एकदा साठवणारी माहेरी गेली होती. लच्छूचा अर्ज दोन दिवस पडद्यावर तसाच उभा राहिला, तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि अर्जही गेला. लच्छू म्हणाला, यापेक्षा चिमूर जवळ होतं. ते नीलाबाईच्या फार जिव्हारी लागलं, पण तिने दाखवलं नाही.

निंदणाच्या दिवसांत रंजीता रोज वेगळ्या बाईच्या शेजारची ओळ धरायची आणि तण उपटता उपटता एकेकीचा धडा विचारून घ्यायची. दिवाळीपर्यंत अख्खा कॉम्प्युटर ती एकटीने चालवू लागली. नीलाबाईला कळलं तेव्हा दोन दिवस तिने सुनेशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी रंजीताने एवढंच म्हटलं, "आत्याबाई, बाकी सगळं जमते मले. कागद तुमच्यासारखा सरळ नाई बसत." तेव्हापासून गावातला प्रत्येक अर्ज तयार होऊन पडद्यावर थांबे आणि लोक नीलाबाई येईपर्यंत ओट्यावर बसून राहत. कोणाची तक्रार नव्हती. दोन एसट्यांपेक्षा एक म्हातारी परवडते.

धान कापणीला आलं आणि नीलाबाईच्याच कागदाची मुदत आली. रंजीताने सकाळीच सगळं भरून तयार ठेवलं आणि नीलाबाईला बोलवायला अमिनाबीला धाडलं. अमिनाबी बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "चाल वं नीलाबाई, तुह्या जिवंत असल्याचा कागद थांबून आहे."

नीलाबाईने मान वर केली नाही. कापणीचा इळा चालूच होता.

"रंजीताले सांग," ती म्हणाली, "एवढी बांधी होऊ दे. मंग येऊन जिवंत होते."