दोनशे कवट्या आणि एक बाटली

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवायच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. कुठलं रसायन किती घातक हे ठरवायचं आणि कामगारांना पटवायचं, हे माझं काम. पण जुळे सोलापुरातल्या माझ्याच फ्लॅटमध्ये मला विचारतो कोण? म्हणून एका रविवारी ठरवलं, घरातही लेबलं लावायची.

दोनशे लाल कवट्यांच्या स्टिकरचा रोल आणला. व्हिनेगर, खायचा सोडा, कापूर, विभूती (श्वासात गेली तर?), पाण्याचा फिल्टर (आत कार्ट्रिज असतं), सगळ्यांवर कवटी. पानाच्या चुन्याच्या डबीवर शेवटच्या दोन.

त्यावरून सासूबाई, चन्नम्मा, भडकल्या.

"चाळीस वर्सं खातेय की! मेले का मी?"

"अहो, डोळ्यात गेला तर..."

"पान डोळ्यानं खातंय व्हय कोन?"

बायको, महेश्वरी, पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकंच फिरलं. सर्टिफिकेट माझ्याकडे आणि हसायचं मलाच!

तेवढ्यात मेव्हणा बसवेश अक्कलकोटहून आला, उन्हातून, तहानलेला. फिल्टरवरची कवटी बघून दचकला. मग सिंकजवळची बाटली उचलली.

"दाजी, ही तेवढी बरी दिसतीय. हिच्यावर काय न्हाय."

त्यानं झाकण काढलं आणि चन्नम्मांनी त्याच्या मनगटावर पळी हाणली. "ठेव खाली!"

बाटली मीच आणली होती. मोरी तुंबली म्हणून कारखान्यातलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण, पाण्याच्या बाटलीत भरून. (असं कुणी करू नये, हे मी दर महिन्याला कामगारांना ओरडून सांगतो.) पोराचा घसा जळून गेला असता. आणि कवट्या तर चुन्यावर संपलेल्या. मी आधी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाली बगा की. मगाशीच थेंब सांडलाय, जर्मनचं ताट काळं पडलंय." अॅल्युमिनियमचं ताट खरंच काळं पडलं होतं. " समद्यालाच भ्या म्हटल्यावर मानूस भ्यायचं कशाला?"

बसवेशनं ही गोष्ट कारखान्यापर्यंत पोचवली. सेफ्टी वीकला मॅनेजरनी चन्नम्मांना प्रमुख पाहुण्या केलं. त्यांना शाल-श्रीफळ, मला मेमो! वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात राबतोय, मला कुणी साधा टॉवेल दिलेला नाही.

वर त्या बोलल्या कानडीत आणि भाषांतराला मी. जावयाबद्दलची चार वाक्यं मी सफाईने गाळली आणि म्हणालो, "सुरक्षित राहा, असं त्या म्हणतात."

पण निम्मा हॉल अक्कलकोटकडचा, कानडी समजणारा. ते आधीच हसून लोळत होते. उरलेल्या निम्म्यांना ती चार वाक्यं त्यांनी मराठीत समजावून सांगितली. एकही शब्द न गाळता.