प्रभारी आई

बायको गेल्याचं मला मंगळवारी दवाखान्याच्या फोनवरून कळलं. मुलीच्या कॉलेजला ते कळायला परीक्षा जवळ यावी लागली. तोवर मुलगी घरी आणि वर्गात, दोन्हीकडे बोलायची बंद झाली होती. हजेरीला 'हजर' म्हणत नव्हती, म्हणून समोर बसूनही गैरहजर धरली जात होती.

मला मनःस्वास्थ्य कक्षात बोलावलं. समुपदेशक मॅडम माझ्या मुलीहून फार मोठ्या नसाव्यात. तरुणांचं मन कशाने बिघडतं ते त्यांनी नीट समजावलं. स्वतःला कमी लेखणं, सगळं अचूकच हवं हा हट्ट, तेच तेच विचार उगाळत बसणं. मी म्हटलं, तिची आई गेली.

"काका, ती घटना झाली. आम्ही घटकांवर काम करतो."

मग त्यांनी घटक शोधला: मातृपद रिक्त असणे. प्राचार्य म्हणाले, पद कायम भरायला वेळ लागतो, तोवर प्रभारी नेमू. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या बाईंकडे माझ्या मुलीच्या आईचा अतिरिक्त कार्यभार आला. वेळ अकरा ते पाच, रविवारी सुट्टी. सुधारणा दिसेपर्यंत मुलीने घरीच थांबायचं. नाही दिसली तर परीक्षा नाही.

बाई भल्या होत्या. बायकोच्या खुर्चीत बसून दर तासाला "जेवलीस का गं?" विचारायच्या. पदभार रीतसर घ्यावा म्हणून त्यांनी मला विचारलं, आधीच्या बाई हिला सकाळी काय म्हणून उठवायच्या? मला सांगता आलं नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी लवकर निघतो.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी बोलली. "बाबा, या काकूंना स्वतःचं घर नाही का?"

मॅडमनी याची दखल घेतली: वाचा सुधारली, दृष्टिकोन नकारात्मक.

प्रश्न मात्र बरोबर होता. बाईंचा मुलगा त्याच कॉलेजात होता आणि आई दिवसभर आमच्याकडे असल्याने गप्प झाला होता. त्याच्यासाठी हिशेब विभागातल्या बाई नेमल्या. मग त्यांची मुलगी खोलीबाहेर येईना, तिच्यासाठी प्रयोगशाळेतल्या बाई गेल्या. लवकरच कॉलेजातली प्रत्येक आई दुसऱ्याच्या घरी कामावर होती. सर्वांत शेवटी नेमलेल्या बाईंचा मुलगा उरला आणि बायका संपल्या.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "आमची संस्था स्त्री-पुरुष भेद मानत नाही. शिवाय मातृपदाच्या कामाशी तुमचा जवळून संबंध आलेला आहे."

मी नाही म्हणालो असतो. पण मुलीची परीक्षा त्यांच्या सहीवर अडली होती.

आता मी अकरा ते पाच त्या मुलाची आई असतो. पहिल्या दिवशी त्याने दार लावून घेतलं. काय करावं सुचेना, म्हणून लिफ्टमध्ये माणूस अडकल्यावर करतो तेच केलं. दाराबाहेर बसलो आणि बोलत राहिलो. दुपारी आतून आवाज आला, "तुम्ही जाणार नाही का?" मी म्हटलं, पाचपर्यंत नाही. त्याने दार उघडलं. तुला कसं वाटतंय, विचारलं तर तो एवढं बोलला की माझी ड्यूटी संपून गेली. जाताना म्हणाला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

कक्षाचं फार कौतुक झालं. तुमच्या घरी कोणी गप्प बसलं असेल तर कळवा, माणूस पाठवतात. तुम्हालाही कुठेतरी नेमून घेतील, आणि परक्या घरात तुम्हालाही हे काम छान जमेल.

संध्याकाळी मी घरी पोचतो तेव्हा ग्रंथालयातल्या बाई निघून गेलेल्या असतात. मुलीच्या खोलीचं दार लावलेलं असतं. दिवसभर बोलून माझा घसा बसलेला असतो.

तिला कसं वाटतंय, ते विचारायचं राहिलं आहे.