यमुनाबाईंची मिशी

मुकुलने सकाळी मिशी काढली, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, लग्नाच्या आधीपासूनची मिशी! सलीलभावजींना हसवायला एवढं?"

"आज नाही तर कधीच नाही!" मुकुल म्हणाला.

ते खरंच होतं. झाशीच्या रेडिओ केंद्रात मुकुल आणि सलील या दोघा निवेदकांनी उभा जन्म काढला. मुकुल मंडीचे भाव वाचायला बसला, की काचेपलीकडे सलील हटकून प्रकट व्हायचा. कधी डोक्यावर घमेलं, कधी नाकात पेन्सिली. "मटर..." म्हणता म्हणता मुकुल खुदकन हसायचा आणि साहेबांची बोलणी खायचा. पण सलील? दिवसभर खिदळणारा हा प्राणी माइकसमोर ढिम्म! मुकुलने माकडउड्या मारल्या तरी ओठ हलायचा नाही. आज सलील निवृत्त होणार होता, उद्या लेकाकडे पुण्याला. निदान एकदा त्याला माइकवर हसवायचंच, असा मुकुलने पणच केला होता.

दुपारी तो सीपरी बाजारात सलीलच्या घरी गेला. सलील केंद्रावर होता. "वहिनी, तुमचं एक लुगडं हवंय. काचेपुढे नाचतो."

"न्या की, भावजी! पण मीच नेसवते. नाहीतर गेटवरच सुटायचं," इंदूवहिनी म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पार नाकापर्यंत झाकून दिलं, वर चष्माही चढवला.

केंद्राच्या गेटवर चौकीदाराने हात जोडले. "अम्मा, गुरसराय से आई हो ना?"

आवाज ओळखला जाईल म्हणून मुकुलने नुसती मान डोलावली. तिथेच चुकलं. ड्युटीवरची चारुता धावत आली. "यमुनाबाई! कित्ती उशीर! चला, पाककृतीचा कार्यक्रम लाइव आहे!" तिने दंडाला धरून त्याला थेट स्टुडिओत नेलं आणि सलीलसमोर बसवलं. 'अगं, मी मुकुल' असं म्हणायला तोंड उघडतो, तोच दारावरचा लाल दिवा लागला. लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं.

"श्रोताओं, आज हमारे साथ हैं गुरसराय की यमुनाबाई," सलील गंभीरपणे म्हणाला. "अम्मा, पूरनपोली में पूरन कितना भरें?"

मुकुलला धड चहा येत नव्हता. "जितना समाए, भैया," तो बारीक आवाजात म्हणाला.

"और दाल?"

"दाल तो... बहू डालती है."

सलीलची पापणी हलेल तर शपथ! मुकुलला वाटलं, संपलं, हरलो आपण. त्याला दरदरून घाम फुटला आणि त्याने पदर खाली ओढून तोंड पुसलं.

सलीलची नजर त्याच्या वरच्या ओठावर गेली. तिथे जन्मभराच्या झुपकेदार मिशीच्या जागी नुसता गोरापान पट्टा होता.

"अम्मा, आपकी..." एवढंच तो म्हणाला आणि फुटला. टेबलावर डोकं टेकून, गदगदून हसला. हसता हसता डोळे वाहू लागले, आणि मग ते थांबेचनात. निरोपाची उद्घोषणा तर बाकीच होती. मुकुलने माइक ओढला आणि आपल्या मूळच्या भारदस्त आवाजात म्हणाला, "श्रोताओं, हमारे सलीलजी आपसे विदा लेते हैं. सबको हँसाते रहे, आज ख़ुद हँसे हैं. नमस्कार."

दिवा विझला.

"गाढवा," सलील डोळे पुसत म्हणाला, "यमुनाबाई नावाची कुणी नाहीच! तू निघालास आणि इंदूचा फोन आला. चौकीदार, चारुता, सगळे सामील होते. जाता जाता तुझीच फजिती करायची होती. पण लेका, मिशीचं तिने मुद्दाम सांगितलंच नाही!"

"म्हणजे जिंकलो ना मी?"

"जिंकलास रे बाबा." सलीलने त्याला लुगड्यासकट मिठी मारली. मुकुलला फार बरं वाटलं.

एवढ्यात चारुता आत आली. "सर, फोनवर फोन येताहेत. अम्मांचा घसा एकदम बसला, ज्येष्ठमध पाठवू का म्हणतात. आणि पुढच्या हप्त्यात अम्मा श्रीखंड शिकवणार का?"

"शिकवणार म्हणून सांग," सलील पिशवी उचलत म्हणाला. "मी पुण्यात मोबाइलवर ऐकेन. मुकुल, मिशी वाढवू नकोस."